एका हाताचा बॅकहँड

२००० सालाच्या सुमाराला महिला टेनिसमध्ये उंच आणि ताकदवान खेळाडूंचे दिवस आले होते. व्हीनस विल्यम्सची उंची १.८५ मीटर, लिंडसे डॅव्हनपोर्टची १.८९ मीटर. मागोमाग आलेली मारिया शारापोव्हा १.८८ मीटरची. सेरेना विल्यम्स या तिघींइतकी उंच नव्हती, पण तिच्या सर्व्हिसमध्ये असा जोर होता की प्रतिस्पर्धी खेळाडू पवित्रा घेईपर्यंत चेंडू मागच्या भिंतीवर आदळलेला असे. रॅकेट हलक्या आणि मजबूत झाल्या होत्या. बहुतेक मुली लहानपणापासून दोन्ही हातांनी बॅकहँड मारायला शिकत होत्या. बेसलाइनवर उभं राहायचं आणि पहिल्या दोन-तीन फटक्यांतच गुण संपवायचा, ही जिंकण्याची रीत होऊन बसली होती.

याच काळात बेल्जियमची जस्टिन हेनिन सात ग्रँड स्लॅम विजेतेपदं जिंकून गेली. तिची उंची होती १.६७ मीटर, म्हणजे जेमतेम साडेपाच फूट. अंगकाठी सडपातळ. बॅकहँड एका हाताचा. कागदावर पाहिलं तर या खेळाडूनं पहिल्या दहांत डोकावून समाधान मानायला हवं होतं. प्रत्यक्षात ती ११७ आठवडे जगात पहिली होती.

अंगकाठी जन्मासोबत मिळते, फटका मारायला लागणारा वेळ मात्र कोर्टवर कमवावा लागतो. हेनिनचा सगळा खेळ हा वेळ कमवण्यासाठी रचलेला होता. तो कसा रचला गेला आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, हे पाहिलं की तिची कारकीर्द नीट समजते.

रोशफोरची मुलगी

जस्टिनचा जन्म १ जून १९८२ रोजी लिएज शहरात झाला. बालपण गेलं आर्देन्सच्या टेकड्यांजवळच्या रोशफोर परिसरात. बेल्जियमचा हा दक्षिण भाग म्हणजे वालोनिया. इथे फ्रेंच बोलली जाते. उत्तरेकडच्या फ्लँडर्समध्ये डच चालते. देश एक असला तरी शाळा, वर्तमानपत्रं, वाहिन्या यांचे संसार वेगळे आहेत. टेनिस संघटनेच्याही दोन शाखा आहेत, एक फ्रेंच भाषकांची आणि एक डच भाषकांची.

जस्टिनची आई फ्रेंच आणि इतिहास शिकवायची. रोलां गॅरो म्हणजे पॅरिसमधलं फ्रेंच ओपनचं मैदान. सीमा ओलांडून गाडीनं तिथे पोचता येत असे, आणि आई मुलीला सामने दाखवायला घेऊन जाई. १९९२ मध्ये मोनिका सेलेस आणि स्टेफी ग्राफ यांच्यात अंतिम सामना झाला. तिसरा सेट सेलेसनं १०-८ असा जिंकला. दहा वर्षांची जस्टिन तेव्हा प्रेक्षकांत आईशेजारी बसलेली होती. एक दिवस मी इथे खेळेन आणि जिंकेन, असं तिनं आईला सांगितलं. तीन वर्षांनी, १९९५ मध्ये, कर्करोगानं आई गेली. जस्टिन तेव्हा बारा वर्षांची होती.

पुढच्या वर्षी कार्लोस रॉड्रिगेझ हे अर्जेंटिनाहून बेल्जियममध्ये स्थायिक झालेले प्रशिक्षक तिच्या आयुष्यात आले. टेनिसमध्ये वर्षा-दोन वर्षांत प्रशिक्षक बदलणं ही नित्याची गोष्ट आहे. हेनिन आणि रॉड्रिगेझ यांची जोडी मात्र तिच्या कारकिर्दीच्या शेवटापर्यंत टिकली. आई गेलेल्या आणि पुढे घरापासूनही दुरावलेल्या मुलीला त्यांनी खेळाबरोबर आधारही दिला.

१९९७ मध्ये पंधराव्या वर्षी तिनं फ्रेंच ओपनमधलं मुलींचं विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात तिनं झिम्बाब्वेच्या कारा ब्लॅकला हरवलं. लिअँडर पेस आणि सानिया मिर्झा यांची दुहेरीतली जोडीदार म्हणून पुढे भारतीय प्रेक्षकांच्या ओळखीची झालेली, तीच ही कारा. १९९९ च्या मे महिन्यात अँटवर्पमध्ये महिलांच्या डब्ल्यूटीए मालिकेतल्या आपल्या पहिल्याच मुख्य स्पर्धेत उतरून जस्टिननं विजेतेपद पटकावलं. त्याच महिन्यात फ्रेंच ओपनच्या दुसऱ्या फेरीत तिनं डॅव्हनपोर्टला तीन सेटपर्यंत झुंजवलं.

फटक्यामागचं शास्त्र

एका बेसलाइनपासून दुसरीपर्यंतचं अंतर २३.७७ मीटर असतं. जोरकस फटका ते सेकंद-सव्वासेकंदात कापतो. तेवढ्यात चेंडू कुठे येणार हे ओळखायचं, तिथवर धावायचं, रॅकेट मागे न्यायची, अंग वळवायचं आणि नेमक्या क्षणी चेंडूला भेटायचं.

दोन हातांच्या बॅकहँडमध्ये थोडा उशीर खपून जातो. दुसरा हात रॅकेटला रेटा देतो, त्यामुळे चेंडू अंगाजवळ आला तरी तो परतवता येतो. मुलांच्या मनगटात आणि खांद्यात पुरेसं बळ नसतं, म्हणून प्रशिक्षक त्यांना हाच बॅकहँड शिकवतात. एका हाताचा बॅकहँड उशीर चालवून घेत नाही. चेंडू अंगाच्या बराच पुढे असतानाच त्याला गाठावं लागतं. क्षणभर मागे राहिलं तर हात अवघडतो आणि फटक्यातला जीव जातो.

चेंडू वेळेत गाठला तर हाच फटका विलक्षण ताकद देतो. ती ताकद दंडातून येत नाही. ती पायांत जन्मते, कमरेतून धडात चढते, खांद्यातून हातात उतरते आणि शेवटी रॅकेटच्या टोकाशी वेग बनून बाहेर पडते. शेतात राखणीला उभा असलेला माणूस गोफण फिरवतो तेव्हा दगडाला वेग मिळतो तो अशाच साखळीतून. योग्य क्षणी सुटलेला दगड दूर जातो आणि त्यासाठी पैलवानाचे दंड लागत नाहीत. हेनिनच्या बॅकहँडमध्ये ही साखळी डोळ्यांना दिसायची. डाव्या हातानं रॅकेटचा गळा धरून ती खांदे इतके वळवायची की प्रतिस्पर्ध्याला तिची पाठ दिसावी. पुढचा पाय टेकला की सगळं अंग उलगडायचं. फटक्याच्या शेवटी उजवा हात वर आणि डावा मागे फेकलेला असायचा, त्यामुळे तोल जात नसे. नामांकित माजी खेळाडू जॉन मॅकेन्रोनं या बॅकहँडची मोकळ्या मनानं तारीफ केली.

या फटक्याचा आणखी एक फायदा होता. वळवलेले खांदे आणि मागे नेलेली रॅकेट पाहून समोरच्या खेळाडूला पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येत नसे. त्याच तयारीतून टॉपस्पिनचा फटका निघे, खाली राहणारा स्लाइस निघे आणि जाळ्याजवळ टपकणारा ड्रॉप शॉटही निघे. प्रतिस्पर्धी अर्धा क्षण थबके. तो अर्धा क्षण हेनिनची कमाई असे.

उरलेला वेळ तिनं पायांनी मिळवला. २००२ च्या अखेरीपासून ती फ्लोरिडात पॅट एचेबेरी यांच्याकडे शारीरिक तयारीसाठी जाऊ लागली. पीट सॅम्प्रस आणि जिम कुरिअर यांच्याबरोबर काम केलेले हे प्रशिक्षक कठोर मेहनत करून घेण्याबद्दल प्रसिद्ध होते. हेनिनच्या मांड्या, खांदे आणि पाठ यांत नवं बळ आलं. पूर्वी तिसऱ्या सेटमध्ये थकणारी खेळाडू आता तिसऱ्या सेटची वाट पाहू लागली.

कमी उंचीची एक उणीव मात्र भरून निघाली नाही, ती म्हणजे सर्व्हिस. उंच खेळाडू चेंडू वरून मारतो, त्यामुळे जाळ्यावरून उतरून सर्व्हिस बॉक्समध्ये पडायला त्याला जास्त वाव मिळतो. बुटक्या खेळाडूला तो वाव कमी. हेनिनची पहिली सर्व्हिस तिच्या उंचीच्या मानानं वेगवान होती, पण त्यासाठी तिला जोखीम घ्यावी लागे. दडपणाखाली तिच्या दुहेरी चुका वाढत आणि दुसऱ्या सर्व्हिसवर मोठ्या खेळाडू तुटून पडत.

एका देशातल्या दोघी

वर्षभरानं लहान असलेली किम क्लायस्टर्स फ्लँडर्सच्या लिम्बर्ग प्रांतातली. वडील लेई क्लायस्टर्स बेल्जियमचे नावाजलेले फुटबॉलपटू, आई जिम्नॅस्ट. किम मोकळी, हसरी, धावताना पाय फाकवून घसरत चेंडू गाठणारी. जस्टिन अबोल, टोपी डोळ्यांवर ओढून स्वतःत बुडालेली. सुमारे एक कोटी लोकवस्तीच्या देशाला एकाच पिढीत अशा दोन खेळाडू मिळाव्यात, हे टेनिसच्या इतिहासात दुर्मीळ आहे. त्यात एक फ्रेंच भाषक आणि दुसरी डच भाषक, म्हणून दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांना रोजचा विषय मिळाला.

२००१ च्या फ्रेंच ओपनमध्ये उपांत्य फेरीत दोघी समोरासमोर आल्या. हेनिननं पहिला सेट ६-२ असा घेतला आणि दुसऱ्यात ४-२ अशी आघाडी मिळवली. तिथून क्लायस्टर्सनं सामना फिरवून जिंकला. महिन्याभरानं विम्बल्डनमध्ये हेनिननं उपांत्य फेरीत जेनिफर कॅप्रियातीला नमवलं. कॅप्रियाती त्या वर्षी ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच अशा दोन्ही स्पर्धा जिंकून आली होती. अंतिम फेरीत व्हीनसनं हेनिनला ६-१, ३-६, ६-० असं हरवलं. त्या वर्षाच्या अखेरीस माद्रिदमध्ये हेनिन आणि क्लायस्टर्स एका संघातून खेळल्या. बेल्जियमनं रशियाला हरवून फेड चषक पहिल्यांदाच जिंकला.

दोघींमध्ये एकूण २५ सामने झाले. त्यात क्लायस्टर्सनं १३ जिंकले आणि हेनिननं १२. ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत मात्र त्या तीन वेळा भेटल्या आणि तिन्ही वेळा हेनिन जिंकली.

पॅरिसमधला वर केलेला हात

५ जून २००३. फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. समोर सेरेना विल्यम्स. ग्रँड स्लॅम स्पर्धांमधले सलग ३३ सामने जिंकून ती इथवर आली होती आणि चारही स्पर्धांची विजेतेपदं तिच्याकडे होती. तिसऱ्या सेटमध्ये सेरेना ४-२ अशी पुढे होती आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ३०-० अशा आघाडीवर होती. ती सर्व्हिस करणार एवढ्यात हेनिननं थांबण्याची खूण म्हणून हात वर केला. सेरेनाची सर्व्हिस जाळ्यात गेली. पहिली सर्व्हिस पुन्हा मिळावी अशी तिनं पंचांकडे मागणी केली. पंचांनी हात पाहिला नव्हता. हेनिन काहीच बोलली नाही. सेरेनानं तो गेम गमावला, प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली आणि शेवटी हेनिननं सामना ६-२, ४-६, ७-५ असा जिंकला. सामन्यानंतर पत्रकारांसमोर सेरेनाला रडू आवरलं नाही.

दोन दिवसांनी हेनिननं क्लायस्टर्सला ६-०, ६-४ असं हरवलं. बेल्जियमच्या खेळाडूनं जिंकलेलं एकेरीतलं ते पहिलं ग्रँड स्लॅम. आईला दिलेला शब्द त्याच मैदानावर पूर्ण झाला. तरी त्या वर केलेल्या हाताचा प्रश्न तिच्या मागे राहिला. हात वर केल्याचं तिनं पुढे मान्य केलं. त्या क्षणी ते पंचांना सांगणं हे तिचं कर्तव्य होतं आणि ते तिनं केलं नाही. तिच्या खेळाबद्दल कितीही आदर असला तरी हा डाग पुसून टाकता येत नाही. उरलेला सामना तिनं स्वतःच्या खेळानंच जिंकला, हेही तितकंच खरं.

त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत तिची कसोटी लागली. कॅप्रियाती दुसऱ्या सेटमध्ये सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होती. तिसऱ्यात तिच्याकडे ५-२ अशी आघाडी होती. अनेकदा ती विजयापासून दोनच गुण दूर होती. तीन तासांहून अधिक काळ चाललेला तो सामना मध्यरात्र उलटल्यावर संपला, हेनिनच्या बाजूनं, ४-६, ७-५, ७-६ असा. शरीरातलं पाणी इतकं घटलं होतं की तिला सलाइन लावावं लागलं. एवढं होऊन दुसऱ्याच संध्याकाळी अंतिम सामना होता. त्यात तिनं क्लायस्टर्सला ७-५, ६-१ असं हरवलं. २० ऑक्टोबर २००३ रोजी ती प्रथमच जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचली. २००४ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन ओपनही तिनं क्लायस्टर्सलाच हरवून जिंकली.

आजारपण आणि अथेन्स

मग शरीरानं दगा दिला. २००४ च्या वसंतात तिला सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग झाल्याचं निदान झालं. हा विषाणू पुष्कळ लोकांच्या शरीरात नकळत असतो. काहींना मात्र ताप आणि महिनोन् महिने न सरणारा थकवा देतो. पायांच्या बळावर खेळणाऱ्या खेळाडूला याहून वाईट आजार कोणता? फ्रेंच ओपनची ती विद्यमान विजेती आणि अव्वल मानांकित, पण दुसऱ्याच फेरीत बाद झाली. विम्बल्डन तिनं खेळलीच नाही.

ऑगस्टमध्ये ती अथेन्स ऑलिंपिकला पोचली तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा ठेवणं अवघड होतं. उपांत्य फेरीत त्या वर्षीची फ्रेंच ओपन विजेती अनास्तासिया मिस्किना समोर होती. तिसऱ्या सेटमध्ये हेनिन १-५ अशी मागे पडली. तिथून तिनं तो सेट ८-६ असा काढला. अंतिम फेरीत तिनं फ्रान्सच्या अमेली मॉरेस्मोला ६-३, ६-३ असं हरवलं. बेल्जियमला अथेन्समध्ये मिळालेलं ते एकमेव सुवर्णपदक.

आजार मात्र गेला नव्हता. सप्टेंबरमध्ये अव्वल स्थान गेलं आणि २००५ च्या वसंतापर्यंत ती जवळपास खेळलीच नाही.

लाल मातीवरचं राज्य

रोलां गॅरोचं कोर्ट लाल दिसतं ते विटांच्या भुकटीमुळे. पांढऱ्या चुनखडीच्या थरावर ही भुकटी अगदी पातळ, एक-दोन मिलिमीटर पसरलेली असते. चेंडू तिच्यावर आपटला की घर्षण जास्त होतं, पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि उसळी वाढते. गवतावर सुसाट सुटणारी सर्व्हिस इथे मंदावते. एका फटक्यात गुण मिळवणाऱ्या खेळाडूला इथे तीन-चार फटके जास्त मारावे लागतात. हेनिनला जो वेळ इतर कोर्टवर झगडून मिळवावा लागे, तो लाल माती तिला थोडाफार आपणहून देत असे.

इथे एक विरोधाभास आहे. मातीवर चेंडू उंच उसळतो, आणि एका हाताच्या बॅकहँडला खांद्याच्या वरचा चेंडू सगळ्यात अवघड. त्यात खेळाडू बुटकी असेल तर आणखी अवघड. हेनिननं यावर शोधलेलं उत्तर पायांत होतं. शक्य तिथे ती पुढे सरसावून उसळी पूर्ण व्हायच्या आत चेंडू गाठायची. ते जमत नसेल तर मागे हटून तो कमरेच्या उंचीवर उतरू द्यायची. ही निवड दर फटक्याला करावी लागते आणि ती चुकवून चालत नाही. घसरत चेंडूपर्यंत जाणं आणि घसरत असतानाच तोल साधणं या कलेत तिच्या तोडीची खेळाडू त्या काळात नव्हती.

२००५ मध्ये परतल्यावर चार्ल्सटन, वॉर्सा आणि बर्लिन या मातीवरच्या तिन्ही स्पर्धा तिनं ओळीनं जिंकल्या. फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत स्वेतलाना कुझनेत्सोव्हाविरुद्ध दोन मॅच पॉइंट वाचवले आणि अंतिम फेरीत मेरी पिअर्सला ६-१, ६-१ असं चिरडलं. त्या मोसमात मातीवर खेळलेले चोवीसच्या चोवीस सामने तिनं जिंकले. २००६ आणि २००७ मध्येही पॅरिसचं विजेतेपद तिच्याकडेच राहिलं. व्यावसायिक टेनिसच्या काळात, म्हणजे १९६८ नंतर, फ्रेंच ओपन सलग तीन वर्षं जिंकणारी तोवर एकच महिला होती, मोनिका सेलेस. या यशाच्या ओघात हेनिननं पॅरिसमध्ये ओळीनं ४० सेट जिंकले.

२००६ हे वर्ष वेगळ्या कारणानं लक्षात राहणारं ठरलं. चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत ती पोचली, पण जिंकली एकच. ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात मॉरेस्मोविरुद्ध १-६, ०-२ अशी मागे असताना पोटदुखीमुळे तिनं सामना सोडला. खांद्यासाठी घेतलेल्या औषधांचा त्रास झाल्याचं तिनं सांगितलं. मॉरेस्मोच्या पहिल्या ग्रँड स्लॅम विजयाचा आनंद असा अर्धवट राहिला म्हणून हेनिनवर टीका झाली. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याच मॉरेस्मोनं पहिला सेट गमावूनही तिला हरवलं. वर्षाअखेर हेनिन पुन्हा पहिल्या क्रमांकावर होती.

सर्वोत्तम वर्ष

२००७ ची सुरुवात दुःखात झाली. चार वर्षांचं लग्न मोडलं आणि ती ऑस्ट्रेलियन ओपनला गेली नाही. त्याच वर्षी भावाच्या मोटार अपघातानंतर ती वडील आणि भावंडांना पुन्हा भेटली. कित्येक वर्षं तुटलेलं घर जोडलं गेलं. खेळातला बदल लगेच दिसला. चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि अडचणीच्या क्षणी ती पुढे जाऊन व्हॉलीवर गुण घेऊ लागली.

त्या वर्षी फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या तिन्ही स्पर्धांच्या उपांत्यपूर्व फेरीत तिनं सेरेनाला हरवलं. अमेरिकन ओपनमध्ये सेरेनापाठोपाठ उपांत्य फेरीत व्हीनसवरही मात केली आणि कुझनेत्सोव्हाला ६-१, ६-३ असं हरवून विजेतेपद घेतलं, तेही एकही सेट न गमावता. एकाच ग्रँड स्लॅममध्ये दोन्ही विल्यम्स भगिनींना नमवून विजेती ठरलेली ती पहिली खेळाडू. हे घडलं हार्ड कोर्टवर, न्यूयॉर्कमध्ये, दोघींच्या मायदेशी.

नोव्हेंबरमध्ये माद्रिदला वर्षअखेरच्या स्पर्धेत शारापोव्हाविरुद्धचा अंतिम सामना ३ तास २४ मिनिटं चालला. हेनिननं तो ५-७, ७-५, ६-३ असा जिंकला. त्या मोसमात तिनं दहा स्पर्धा जिंकल्या आणि ६७ पैकी फक्त चार सामने गमावले. एका मोसमात ५० लाख डॉलरहून अधिक बक्षीस रक्कम मिळवणारी ती पहिली महिला टेनिसपटू ठरली.

अव्वल स्थानावरून निरोप

जानेवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत शारापोव्हानं तिची सलग ३२ विजयांची मालिका ६-४, ६-० अशी संपवली. त्यानंतर मायामीत सेरेनाकडून ती ६-२, ६-० अशी हरली. मे महिन्यात बर्लिनलाही लवकर बाद झाली. १४ मे २००८ रोजी, फ्रेंच ओपन तोंडावर असताना, तिनं निवृत्ती जाहीर केली. वय २५. जागतिक क्रमवारीत पहिली असताना निवृत्त होणारी ती पहिली महिला. क्रमवारीतून आपलं नाव लगेच काढावं, अशी विनंतीही तिनं केली.

अनेकांना हा निर्णय अनाकलनीय वाटला. तिच्या खेळाची घडण पाहिली तर तो समजतो. सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळत नाहीत तिथे प्रत्येक गुण धावून, वाकून, झगडून घ्यावा लागतो. उंच खेळाडू अर्ध्या मनानंही एखादा सामना जिंकून नेऊ शकते. हेनिनला तशी सवलत नव्हती. मन आणि शरीर पूर्ण लावल्याशिवाय तिचा खेळ उभाच राहत नसे, आणि मन विझल्याचं तिला इतरांच्या आधी कळलं होतं.

दीड वर्षाहून अधिक काळानं ती परतली. २००९ मध्ये रॉजर फेडररनं फ्रेंच ओपन जिंकून चारही ग्रँड स्लॅमचा संच पूर्ण केला. ते पाहून आपल्या संचात उणं असलेलं विम्बल्डन जिंकण्याची ओढ पुन्हा लागली, असं तिनं सांगितलं. जानेवारी २०१० मध्ये क्रमवारीत स्थान नसताना ती थेट ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. तिथे सेरेनानं तिला तीन सेटमध्ये हरवलं. त्याच वर्षी विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत क्लायस्टर्सविरुद्ध खेळताना ती घसरून पडली आणि उजव्या कोपराला जबर दुखापत झाली. त्या कोपरानं तिला पुन्हा पूर्ण साथ दिली नाही. २६ जानेवारी २०११ रोजी तिनं कायमचा निरोप घेतला.

जमेची आणि उणी बाजू

फ्रेंच ओपन चार, अमेरिकन ओपन दोन, ऑस्ट्रेलियन ओपन एक. एक ऑलिंपिक सुवर्ण. एकेरीच्या ४३ स्पर्धांची विजेतेपदं. कारकिर्दीत मिळालेली बक्षीस रक्कम दोन कोटी डॉलरहून अधिक. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. ही जमेची बाजू.

विम्बल्डन मात्र राहून गेलं. दोनदा अंतिम फेरी गाठूनही ते तिला मिळालं नाही. २००७ मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ चालू असतानाही उपांत्य फेरीत मारियन बार्तोलीनं तिला पहिल्या सेटनंतर मागे टाकलं. गवतावर स्लाइस आणि व्हॉली तिला साथ देत, पण तिथे चेंडू थांबत नाही. लांब फेर घेणाऱ्या बॅकहँडला हवा असलेला वेळ गवत देत नाही, आणि दुसऱ्या सर्व्हिसची उणीवही तिथे सगळ्यात जास्त उघडी पडते.

रॉड्रिगेझ यांनी पुढे चीनच्या ली नाला मार्गदर्शन केलं आणि २०१४ मध्ये तिनं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. हेनिननं स्वतः बेल्जियममध्ये अकादमी चालवली. आज महिला टेनिसमध्ये एका हाताचा बॅकहँड मोजक्याच खेळाडूंकडे उरला आहे, कारण तो शिकायला लागणारी वर्षं द्यायला फार थोडे प्रशिक्षक आणि पालक तयार असतात. मुलीची उंची मोजून तिचा खेळ ठरवणाऱ्यांनी २००७ च्या अमेरिकन ओपनमधले हेनिनचे दोन सामने जरूर पाहावेत, एक सेरेनाविरुद्धचा आणि एक व्हीनसविरुद्धचा. पाहताना नजर चेंडूवर न ठेवता तिच्या पायांवर ठेवावी. आपल्या मुलांना काय शिकवायचं ते तिथे स्पष्ट दिसतं.